संगीत नाटकासाठी खुर्ची कशी निवडावी : नाशिककर प्रेक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

संगीत नाटकाचे तिकीट काढताना बहुतेक जण गद्य नाटकाचाच हिशोब लावतात. जितकी पुढची रांग तितके उत्तम, आणि पुढची मिळाली नाही तर निदान मधली, एवढ्यावर निवड आटोपते. गद्य नाटकाला हा हिशोब बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे नटाचा चेहरा दिसला आणि संवाद स्पष्ट ऐकू आला की प्रेक्षकाचे काम भागते. संगीत नाटकात मात्र गाणाऱ्याचा गळा, ऑर्गन आणि तबला या तिन्हींचा मेळ आपल्या खुर्चीपर्यंत शाबूत पोहोचावा लागतो, आणि तो मेळ प्रेक्षागृहातल्या सगळ्या खुर्च्यांवर सारखा पोहोचत नाही. म्हणून संगीत नाटकासाठी खुर्ची निवडताना आधी कानाचा विचार करावा आणि मग डोळ्यांचा, असे माझे मत आहे. ते कसे करावे, हे तिकीट काढणारा माणूस ज्या क्रमाने विचार करील त्याच क्रमाने पुढे मांडले आहे.

प्रयोग कोणत्या जातीचा आहे, हे आधी पाहावे

'संगीत' हा शब्द जाहिरातीत असला तरी त्यामागे तीन निरनिराळ्या प्रकारचे प्रयोग असू शकतात, आणि प्रत्येकासाठी चांगली खुर्ची वेगळी असते.

पहिला प्रकार परंपरागत संगीत नाटकाचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणले आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' आले, तेव्हापासून चालत आलेल्या या प्रकारात नट स्वतः गातो आणि साथ जिवंत असते. वसंत कानेटकरांनी नाशिकमध्ये राहून लिहिलेले आणि जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेले १९६४ चे 'मत्स्यगंधा' पुष्कळ नंतरचे असले तरी खुर्चीच्या दृष्टीने याच घराण्यातले आहे. पद सुरू झाले की नट रंगमंचाच्या पुढच्या भागात, बहुधा मध्याच्या आसपास येऊन उभा राहतो. त्याला कारण परंपरेइतकेच ध्वनिव्यवस्थेचेही आहे, कारण पुष्कळ प्रयोगांत मायक्रोफोन रंगमंचाच्या पुढच्या काठावर ठेवलेले किंवा वरून टांगलेले असतात आणि त्यांच्या टप्प्यात आल्याशिवाय आवाज नीट उचलला जात नाही. असा प्रयोग असेल तर पाहण्याऐकण्याचे केंद्र रंगमंचाच्या पुढच्या मध्यभागी असते, असे धरून चालावे.

दुसरा प्रकार नव्या संगीत नाटकाचा. नाशिकच्याच प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले, २०१७ मध्ये रंगमंचावर आलेले 'संगीत देवबाभळी' हे त्याचे आपल्या सर्वांच्या जवळचे उदाहरण आहे. त्यात दोनच स्त्रीपात्रे आहेत आणि गाणे त्यांच्या हालचालींत, कामांत आणि भांडणांत मिसळलेले आहे. अशा प्रयोगांत गाणे एका जागी उभे राहून होईलच असे नसते, नटाच्या अंगावर बहुधा माइक असतो आणि चेहऱ्यावरचे बारीक बदल पाहण्यासारखे असतात. येथे जवळची खुर्ची अधिक मोलाची ठरते.

तिसरा प्रकार मोठ्या नृत्यपथकाचा, भव्य नेपथ्याचा आणि ध्वनिमुद्रित संगीतावर चालणारा. यात आवाज जवळजवळ पूर्णपणे स्पीकरमधून येतो आणि पाहण्याची गोष्ट म्हणजे रंगमंचावर घडणाऱ्या आकृत्या. पहिल्या चार रांगांतून त्या आकृत्या दिसत नाहीत, पुढचे पाय आणि मागची डोकी तेवढी दिसतात. या प्रकाराला मागे किंवा वर जावे.

प्रयोग यांपैकी कोणता, हे जाहिरातीवरून कळत नसेल तर नाट्यसंस्थेने प्रसिद्ध केलेली चित्रफीत एक-दोन मिनिटे पाहावी. नटांच्या गालाशी किंवा कपाळावर केसांच्या कडेला बारीक तार दिसते का, आणि वादक कुठे बसले आहेत, एवढ्या दोनच गोष्टी त्यात शोधायच्या. वादकांची जागा प्रयोगागणिक बदलते. कधी ते रंगमंचासमोरच्या खोलगट भागात बसतात, कधी पुढच्या दोन कोपऱ्यांत ऑर्गन एकीकडे आणि तबला दुसरीकडे असतो, तर कधी दोघेही विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड असतात. ही माहिती पुढे रांगेतली बाजू ठरवताना उपयोगी पडते.

नाट्यगृह जाणून घ्यावे

नाशिकमध्ये व्यावसायिक नाटकांचे प्रयोग प्रामुख्याने शालिमार भागातल्या महाकवी कालिदास कलामंदिरात होतात. ते महापालिकेचे आहे आणि स्मार्ट सिटी योजनेतून त्याचे नूतनीकरण झाले आहे. त्यामुळे 'आम्ही पूर्वी नेहमी अमुक रांगेत बसायचो' ही जुनी आठवण तिकीट काढताना पुरावा म्हणून वापरू नये. खुर्च्या, ध्वनियंत्रणा आणि भिंतींचे अस्तर बदलले की त्याच रांगेत निराळे ऐकू येते. सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह आकाराने लहान आहे आणि हौशी संस्थांच्या नाटकांशी त्याचे जुने नाते आहे. लहान नाट्यगृहात रांगांचा हिशोब सौम्य होतो, कारण शेवटची रांगही फार दूर जात नाही. तिथे खुर्चीपेक्षा वेळेवर पोहोचण्याला अधिक महत्त्व द्यावे. गंगापूर रोडवरील कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणी नाट्यसंगीताची मैफल असेल आणि खुर्च्यांना क्रमांक नसतील, तर अर्धा तास आधी जाऊन तिसऱ्या किंवा चौथ्या रांगेत, मध्यापासून किंचित बाजूला बसावे. त्याहून अधिक डोके लढवण्याची गरज नाही.

मोठ्या नाट्यगृहात मात्र चार गोष्टी डोळ्यांनी पाहून ठेवाव्यात : जमिनीला उतार कितव्या रांगेपासून सुरू होतो, बाल्कनीचा काठ खालच्या कितव्या रांगेवर येतो, मुख्य स्पीकर कुठे लावले आहेत, आणि ध्वनिसंयोजक आपले मिक्सर घेऊन कुठे बसतो. कोणत्याही दुसऱ्या कार्यक्रमाला गेल्यावर मध्यंतरात पाच मिनिटे फिरून हे टिपता येते आणि ती टिपणे पुढे अनेक वर्षे कामाला येतात. यांतली चौथी गोष्ट लोक सहसा पाहत नाहीत. ध्वनिसंयोजक गळा, ऑर्गन आणि तबला यांचे प्रमाण आपल्या कानाला जसे वाटते तसे ठरवत असतो, म्हणजे संपूर्ण सभागृहातला सर्वांत तोललेला आवाज त्याच्याच आसपास असतो. तो प्रेक्षागृहात बसत असेल तर त्याच्या पुढच्या दोन-तीन रांगा ऐकण्यासाठी हमखास चांगल्या समजाव्यात. तो काचेमागच्या खोलीत बसत असेल तर या खुणेचा उपयोग नाही, कारण खोलीत त्याला जे ऐकू येते ते प्रेक्षकाला येतेच असे नाही.

रांग कशी ठरवावी

रांगेचा प्रश्न थोडे गणित केल्यास चटकन सुटतो. दोन रांगांमधले अंतर सुमारे ९० सेंटीमीटर, पहिली रांग रंगमंचाच्या काठापासून ३ मीटरवर आणि रंगमंचाचे दर्शनी तोंड ११ मीटर रुंद, असे एक साधारण नाट्यगृह डोळ्यांसमोर आणावे. पहिल्या रांगेच्या मध्यावरून संपूर्ण रंगमंच पाहायला सुमारे १२० अंशांचा कोन लागतो, म्हणजे उजवीकडच्या पात्राने बोलल्यावर डावीकडच्या पात्राची प्रतिक्रिया पाहायला मान वळवावी लागते. सातव्या रांगेतून हाच कोन सुमारे ६६ अंशांवर येतो आणि दहाव्या रांगेतून ५३ अंशांवर. म्हणजे सातव्या रांगेपासून पुढे मान स्थिर ठेवून केवळ नजर फिरवली की सगळा रंगमंच आवाक्यात येतो. दुसरीकडे, नटाच्या चेहऱ्यावरचा भाव सुमारे २० मीटरपर्यंत नीट वाचता येतो, असे नाट्यगृहांची रचना करणारे मानतात. नट काठापासून ३ मीटर आत उभा आहे असे धरले तर वरच्या नाट्यगृहात ही मर्यादा साधारण सोळाव्या रांगेला येते.

आता रंगमंचाच्या उंचीचा मुद्दा. रंगमंच बहुधा एक मीटरच्या आसपास उंच असतो आणि खुर्चीवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.१ ते १.२ मीटरवर असतात. याचा अर्थ पहिल्या दोन रांगांत डोळे रंगमंचाच्या पृष्ठभागाला जेमतेम समांतर असतात. पावले दिसत नाहीत, मागच्या बाजूला बसलेले पात्र पुढच्या आसनाआड जाते आणि काठावर माइक किंवा दिवे मांडलेले असतील तर तेही आड येतात. नृत्य असलेल्या प्रयोगाला ही मोठीच हानी आहे.

डोळ्यांचा हिशोब असा सातव्या ते सोळाव्या रांगेदरम्यान बसतो. कानाचा हिशोब लावल्यावर हा पट्टा आणखी लहान होतो.

पहिल्या दोन-तीन रांगा मुख्य स्पीकरच्या टप्प्याच्या अलीकडे पडतात. स्पीकर उंचावर किंवा दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांचा रोख सभागृहाच्या मध्याकडे असतो. समोर बसणाऱ्यांसाठी रंगमंचाच्या काठावर छोटे स्पीकर लावले नसतील तर पहिल्या रांगेतल्या माणसाला नटाचा थेट आवाज, वादकांचा थेट आवाज आणि नटाला स्वतःचा आवाज व साथ ऐकू यावी म्हणून त्याच्याकडे तोंड करून लावलेल्या स्पीकरची (मॉनिटरची) मागची गळती, असे एक मिश्रण ऐकावे लागते. वादक समोरच्या खोलगट भागात असतील तर तबला गळ्यावर बसतो. तबल्याच्या अभ्यासकाला ती पर्वणी वाटेल आणि त्याने आवर्जून तिथेच बसावे, परंतु पदाचे शब्द ऐकायला आलेल्या माणसाला ती जागा जड जाते.

फार मागे गेल्यावर वेगळी अडचण येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद सभागृहात भिंती आणि छतावरून परतणारा आवाज त्यात भर घालतो, म्हणून एकूण आवाज तितका कमी होत नाही, पण थेट आवाज आणि परतलेला आवाज यांचे प्रमाण बिघडते. ताना एकमेकींत मिसळतात, जलद लयीतले शब्द पुसट होतात. आणखी एक बारकावा असा की प्रेक्षकांच्या डोक्यांवरून आणि खुर्च्यांच्या पाठींवरून जवळजवळ आडवा सरकत जाणारा आवाज आपल्यातले खालचे सूर, सुमारे १०० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यानचे, गमावत जातो. उतार कमी असलेल्या सभागृहाच्या मागच्या रांगांत डग्ग्याचा भरीव नाद आणि ऑर्गनचा खर्ज पातळ वाटतो, त्याचे हे एक कारण आहे. स्पीकर उंचावर असतील तर हा दोष पुष्कळ कमी होतो, वादक खाली बसून बिनमाइक वाजवत असतील तर तो जाणवतो.

हे सगळे जमेस धरून परंपरागत संगीत नाटकासाठी सहावी ते दहावी रांग मी सर्वांत वरची मानतो. नव्या, दोन-चार पात्रांच्या संगीत नाटकासाठी चौथी ते आठवी. मोठ्या नृत्यनाट्यासाठी दहावी ते चौदावी, किंवा बाल्कनीची पहिली रांग. उतार उशिरा सुरू होणाऱ्या सभागृहात एक दुरुस्ती करावी : सपाट भागातली शेवटची रांग टाळून उताराची पहिली किंवा दुसरी रांग घ्यावी, मग ती दोन रांगा मागे असली तरी चालेल. सपाट भागात पुढे उंच माणूस आला की रंगमंचाचा मधला पट्टा गेला, आणि पद म्हणणारा नट नेमका त्याच पट्ट्यात उभा असतो.

रांगेत कुठे बसावे

मध्यभाग उत्तम, हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु मध्यभागी जागा नसेल तेव्हा किती बाजूला सरकता येईल, हा खरा प्रश्न असतो. दर्शनी चौकटीच्या दोन कडांपासून सरळ मागे दोन काल्पनिक रेषा ओढाव्यात. या रेषांच्या आतली खुर्ची चालते, बाहेरची टाळावी. बाहेर बसणाऱ्याला समोरच्या बाजूची विंग आतपर्यंत दिसते आणि आपल्या बाजूचा रंगमंचाचा मागचा कोपरा चौकटीआड जातो. डावीकडे बसलात तर डावा मागचा कोपरा गेला असे समजावे. विंगेत उभे असलेले, पाणी पिणारे पुढचे पात्र दिसू लागले की नाटकाचा भ्रम टिकवणे कठीण होते.

कानाच्या दृष्टीने बाजूची खुर्ची याहून अधिक त्रासदायक असते. समजा, तुम्ही डाव्या स्पीकरपासून ४ मीटरवर बसला आहात आणि गाणारी नटी रंगमंचाच्या उजव्या भागात तुमच्यापासून १४ मीटरवर आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे या १० मीटरच्या फरकामुळे स्पीकरमधला आवाज तिच्या थेट आवाजाच्या सुमारे २९ मिलिसेकंद आधी पोहोचतो. कान जो आवाज आधी येतो त्याच दिशेला उगम मानतो. परिणामी नटी उजवीकडे ओठ हलवते आणि गाणे डावीकडच्या भिंतीतून येते. सुरुवातीची दहा मिनिटे हे खटकते, नंतर सवय होते असे काही जण म्हणतात, पण पैसे देऊन सवय कशाला लावून घ्यायची? मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचा आवाज साधारण बरोबरीने येतो आणि कान नटाच्या दिशेला विश्वासाने जातो.

रांगेच्या अगदी मधोमधपेक्षा दोन-तीन खुर्च्या बाजूला बसणे मला पसंत आहे. कारणे व्यावहारिक आहेत. काही सभागृहांत मधोमध ये-जा करण्याची वाट असते आणि तिच्या कडेच्या खुर्चीला उशिरा येणाऱ्यांचा, तसेच त्यांना जागा दाखवणाऱ्या डोअरकीपरच्या विजेरीचा त्रास सर्वाधिक होतो. बाजू निवडताना वादकांची जागा आठवावी. तबला आणि ऑर्गन दोन कोपऱ्यांत विभागलेले असतील तर ऑर्गनच्या बाजूला सरकलेले बरे, कारण ऑर्गन गळ्याला धरून चालतो आणि जवळून ऐकला तरी शब्दांवर कुरघोडी करत नाही, तर जवळचा तबला मात्र करतो. दोन्ही वाद्ये एकाच बाजूला असतील तर विरुद्ध बाजू घ्यावी. शिवाय त्या बाजूने वादकाचा चेहराही दिसतो, आणि वन्समोर मिळाल्यावर नट व वादक यांच्यात जी नजरानजर होते ती पाहण्यासारखी असते.

बाल्कनीविषयीचा गैरसमज

बाल्कनी म्हणजे स्वस्तातली सोय, असे मानून पुष्कळ जण तिकडे पाहत नाहीत. माझा अनुभव आणि वर सांगितलेले ध्वनीचे गणित, दोन्ही त्याच्या विरुद्ध आहेत. बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगांत आवाजाच्या वाटेत कोणाचे डोके येत नाही, त्यामुळे खालचे सूर अधिक शाबूत येतात. रंगमंचाची जमीन संपूर्ण दिसते, म्हणून प्रकाशयोजना आणि नृत्याच्या रचना तिथूनच खऱ्या कळतात. चेहरा लहान दिसतो, हा तोटा आहेच. तसेच पुढच्या कठड्याची उंची बुटक्या माणसाच्या किंवा मुलाच्या नजरेआड येऊ शकते. तरीही खाली शेवटच्या सात-आठ रांगा आणि वर मध्यभागी पहिली रांग, असा पर्याय समोर आला तर मी न बोलता वरचे तिकीट घेईन.

खालच्या मागच्या रांगा कमी पसंतीच्या असण्याचे मोठे कारण म्हणजे डोक्यावर येणारी बाल्कनीच. तिच्या खाली खोलवर बसलेल्या प्रेक्षकाला छतावरून परतणारा आवाज मिळत नाही, उंचावरच्या स्पीकरची वाटही काठामुळे अडते आणि ऐकू येणारा आवाज दबल्यासारखा होतो. परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसून वर पाहावे : मुख्य सभागृहाचे छत आणि दर्शनी चौकटीची वरची कड दिसत असेल तर आवाजही मोकळा येईल, आणि डोक्यावर केवळ बाल्कनीचा तळ दिसत असेल तर किमान तीन-चार रांगा पुढे सरकावे. काही ठिकाणी बाल्कनीखाली वेगळे स्पीकर लावलेले असतात, त्यांनी शब्द कळतात, परंतु सभागृह भरून गाणे ऐकल्याचे समाधान मिळत नाही.

बरोबर कोण येणार आहे

वर सांगितलेली आदर्श खुर्ची एकट्यादुकट्या, धडधाकट रसिकाची आहे. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर हिशोब बदलतो, आणि संगीत नाटकाला तीच मंडळी हौसेने येतात. गुडघे दुखत असतील तर बाल्कनीचा आणि उताराच्या वरच्या भागाचा विचार सोडून द्यावा आणि दरवाजा ज्या पातळीवर उघडतो त्या पातळीवरची, वाटेलगतची खुर्ची घ्यावी. आजींना मध्यंतरात स्वच्छतागृहापर्यंत जाऊन परत यायचे असते आणि मध्यंतर काही लांबत नाही, हे लक्षात घेतले की वाटेलगतच्या खुर्चीचे सगळे दोष क्षुल्लक ठरतात. चाकाच्या खुर्चीची गरज असेल तर ऑनलाइन तिकीट काढण्याआधी नाट्यगृहात जाऊन किंवा फोन करून ती कुठे लावू देतात आणि कोणत्या दरवाजाने आत नेता येते हे विचारावे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी स्पीकरजवळची खुर्ची चांगली, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. फार मोठा आवाज यंत्रात फाटतो आणि शब्द अधिकच दुरावतात. त्यांनी चौथ्या ते सातव्या रांगेत मध्यावर बसावे, जेणेकरून ओठांच्या हालचालीही दिसतील. एकाच कानाने नीट ऐकू येत असेल तर तो कान रंगमंचाच्या मध्याकडे राहील अशा बाजूला बसवावे. उजवा कान चांगला असेल तर खुर्ची मध्याच्या डावीकडे, इतके सोपे आहे.

लहान मुलांना सपाट भागात मागे बसवू नये. त्यांच्यासाठी उताराची रांग किंवा तिसरी-चौथी रांग घ्यावी, आणि बसण्याची जागा अशी असावी की मूल कंटाळले तर इतरांच्या गुडघ्यांना धक्के न देता बाहेर नेता येईल. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या प्रयोगाला वातानुकूलन आणि बाहेरची थंडी एकत्र गाठतात, म्हणून छतातल्या झोताच्या थेट खाली येणारी खुर्ची वृद्धांना आणि बाळांना टाळावी. टाळता आली नाही तर शाल विसरू नये.

तिकीट प्रत्यक्ष काढताना

नाटकाचा प्लॅन उघडला, म्हणजे आगाऊ विक्री सुरू झाली, की पहिल्या दिवशीच निर्णय घ्यावा. संगीत नाटकाचे नाशिकमधले प्रयोग गद्य नाटकांच्या मानाने विरळ असतात आणि मधल्या रांगा आधी जातात. तिकीटखिडकीवर जाणे शक्य असेल तर मी अजूनही तेच सुचवतो. खिडकीवरच्या माणसाला 'उतार कोणत्या रांगेपासून' आणि 'बाल्कनीचा काठ कुठे येतो' हे प्रश्न विचारता येतात, आणि रोज प्लॅन हाताळणाऱ्या माणसाला ते नकाशापेक्षा चांगले ठाऊक असते. खिडकी सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेतच उघडी असते, ती वेळ आधी विचारून घ्यावी म्हणजे शालिमारच्या गर्दीत विनाकारण फेरी होत नाही.

बुकमायशो किंवा तिकिटालय यांसारख्या ठिकाणी ऑनलाइन काढताना नकाशा काळजीपूर्वक वाचावा. रंगमंच नकाशात वर दाखवला आहे की खाली, हे आधी पाहावे. घाईत शेवटची रांग पहिली समजून घेण्याचे प्रकार होतात. रांगांना इंग्रजी अक्षरे असतात, पण काही ठिकाणी आय आणि ओ ही अक्षरे एक व शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून गाळलेली असतात, त्यामुळे अक्षरावरून रांगेचा क्रमांक मोजताना एखादी रांग चुकू शकते. खुर्च्यांचे क्रमांक तर सर्वत्र सारखे नसतातच. कुठे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतात, कुठे मध्यापासून एकीकडे सम आणि दुसरीकडे विषम. पहिल्या पद्धतीत एक क्रमांक म्हणजे भिंतीलगतची खुर्ची, दुसऱ्या पद्धतीत तोच क्रमांक मध्याचा. दुसऱ्या पद्धतीत १२ आणि १३ या खुर्च्या शेजारी नसून दोन टोकांना असतात, हे जोडप्यांनी विशेष लक्षात ठेवावे. पुढच्या काही खुर्च्या नकाशात विक्रीसाठी उपलब्ध दिसत नसतील तर त्या निमंत्रितांसाठी राखलेल्या असू शकतात, त्या सुटण्याची वाट पाहत मधली चांगली जागा घालवू नये.

दराबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर लागत नाही, म्हणून अनेक निर्माते सर्वांत वरचा दर ५०० रुपयांवरच थांबवतात आणि त्या एका दरात पहिल्या रांगेपासून दहाव्या-बाराव्या रांगेपर्यंतचा मोठा पट्टा येतो. त्यामुळे सातवी रांग घ्यायला पहिल्या रांगेपेक्षा अधिक मोजावे लागत नाही. वरच्या दराचा पट्टा जिथे संपतो त्याच्या लगेच मागची रांगही पाहावी. एका रांगेच्या फरकाने कानाला काही कळत नाही आणि चार जणांच्या तिकिटांत बऱ्यापैकी बचत होते. त्या बचतीसाठी बाजूच्या काल्पनिक रेषेबाहेर मात्र जाऊ नये.

प्रयोगाच्या दिवशी

संगीत नाटकाची सुरुवात नांदीने होते आणि ती पूर्ण ऐकण्यासाठी तिसऱ्या घंटेआधी खुर्चीवर असणे आवश्यक आहे. कालिदासला यायचे तर शालिमार, मेन रोड आणि महात्मा गांधी रोडची संध्याकाळची वर्दळ आणि वाहन लावण्याची अडचण धरून घरून निघावे. सिडको, सातपूर किंवा नाशिकरोडहून येणाऱ्यांनी एरवीच्या वेळेत किमान अर्धा तास मिळवावा, किंवा शालिमारपर्यंत सिटीलिंकची बस घेऊन परतीची शेवटची वेळ आधी पाहून ठेवावी.

खुर्चीवर बसल्यावर लगेच एकदा वर सांगितलेली छत पाहण्याची परीक्षा करावी आणि पहिल्या पदाला आवाज कसा येतो ते नीट ऐकावे. जागा अगदीच चुकली आणि सभागृहात रिकाम्या खुर्च्या दिसत असल्या तरी अंक चालू असताना उठू नये. मध्यंतरात डोअरकीपरला तिकीट दाखवून त्याच दराच्या पट्ट्यात दुसरी जागा मिळेल का, असे विचारावे. सभागृह पूर्ण भरलेले नसेल तर सहसा नकार मिळत नाही. सगळीकडेच तबला गळ्यावर बसत असेल किंवा शब्द ऐकू येत नसतील, तर दोष खुर्चीचा नसून मिक्सरवरच्या प्रमाणाचा आहे. अशा वेळी मध्यंतरात ध्वनिसंयोजकापाशी जाऊन आपण कोणत्या रांगेत बसलो आहोत आणि नेमके काय ऐकू येत नाही, एवढेच शांतपणे सांगावे. सभागृह भरले की कपडे आणि माणसे मिळून आवाज शोषतात, रिकाम्या सभागृहात बसवलेले प्रमाण त्यामुळे बदललेले असते, आणि दुसरा अंक सुरू होण्याआधी ते सुधारणे त्याच्या हातात असते.